बाबांची हरपणी

आमचे बाबा दिवसभर काय काम करतात हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे ते लष्करी सामानाच्या फॅक्टरीत जातात, ड्रॉइंग ऑफिसात बसतात, तिथं ड्रॉइंग काढतात, एवढं ठाऊक होतं. पण कशाची, ते विचारायचं नाही. जबलपूरच्या फॅक्टरी इस्टेटीतल्या सगळ्याच घरांची ही रीत होती. सकाळी भोंगा व्हायचा, सायकलींचा लोंढा फाटकातून आत जायचा, आणि संध्याकाळी तोच लोंढा बाहेर यायचा. मधल्या वेळात दूर कुठंतरी चाचणीचा बार उडायचा आणि आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "झालं यांचं सुरू."

बाबा मुळातच कमी बोलणारे. त्यात ही बंदी. जेवायला बसले की ते, आई आणि मी, तिघांच्या मध्ये फक्त वाट्यांचा आवाज असायचा. बांगलादेशच्या लढाईच्या आधीचा उन्हाळा होता. ओव्हरटाइम वाढला होता, बाबा दिवे लागल्यावर घरी यायचे. अशाच एका संध्याकाळी आईचा धीर सुटला.

"अहो, शेजारणी आपल्या नवऱ्यांबद्दल काहीबाही सांगतात. मला कोणी विचारलं तर काय सांगू? इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि माझा माणूस काय करून राहिला तेच मला ठाऊक नाही."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. थोडा विचार केला आणि म्हणाले, "हरपणी."

"हरपणी म्हणजे?"

"रोजच्या वापरातली वस्तू आहे. फुंकणी असते, उलथणी असते, तशी हरपणी. आपल्याही घरात आहे."

"माझ्या घरात? कुठं आहे?"

"ते सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "तोच तर तिचा गुण आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, विज्ञान शिकत होते, त्यामुळे मला सगळ्या गोष्टींचा पुरावा लागायचा. मी विचारलं, "ती दिसते कशी?"

"दिसत नाही."

"वजन?"

"आहे न. पण ते आजूबाजूच्या वस्तूंमध्ये वाटलेलं असतं. म्हणून तर संध्याकाळी पाण्याची बादली सकाळपेक्षा जड लागते."

"आणि लांबी?"

बाबांनी आपला हात पुढं केला, बोटं ताणली, आणि त्या बोटांच्या पुढं दुसऱ्या हाताचं एक बोट धरलं. "तुझा हात जिथपर्यंत पोचतो त्याच्यापेक्षा बोटभर जास्त. माणसागणिक माप बदलते. म्हणूनच तिचं ड्रॉइंग काढणं कठीण आहे."

इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. चेहरा अगदी गंभीर, हसू ओठांच्या आसपासही नाही. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात रात्रीचं जेवण म्हणजे एक परिषदच झाली. हरपणीच्या नावाची व्युत्पत्ती, तिचा इतिहास, तिच्याविषयीचे मतभेद. बाबांनी सांगितलं की यात दोन घराणी आहेत. नागपूरकडच्या पंडितांचं म्हणणं, मराठ्यांची फौज नर्मदेकडं आली तेव्हा सामानाच्या गाड्यांतून हरपणीही आली. जबलपूरचे पंडित हे मानत नाहीत. त्यांच्या मते हरपणी इथं आधीपासून होतीच, आणि तिच्यामुळंच ती फौज परतीचा रस्ता विसरली.

"म्हणून आपण इथं आहोत," बाबा म्हणायचे. "आपल्या खापरपणजोबांना घरी जायचं होतं. पण कशाला निघालो होतो तेच आठवलं नाही."

मी वाद घालायची. "बाबा, जी वस्तू दिसत नाही, मोजता येत नाही, ती असली काय आणि नसली काय, फरक काय पडतो?"

"फरक एवढाच, की ती नसती तर तुझ्या आईची सांडशी सापडली असती."

"आणि शोधली तर?"

"शोधायचं नाही. शोधलं की ती सरकते. स्वस्थ बसायचं. मग वस्तू अशा जागी सापडते जिथं आपण एकदा बघितलेलं असतं."

आईला हे सगळं खोटं आहे हे माहीत होतं, आणि तिला ते फार आवडत होतं. मी एकदा तिला म्हटलं, "तू काहून त्यांना इतकं उत्तेजन देते?" तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्यांना बोलायला काहीतरी पाहिजे होतं ग. जे आहे ते बोलता येत नाही. मग जे नाही ते बोलून राहिले."

तेव्हा मी ते कानाआड केलं. पुढं ते वाक्य मला पुष्कळदा आठवलं.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बुंदेलखंडी कुटुंब राहायचं. चाचाजी बाबांच्याच फॅक्टरीत मशीनवर होते. चाची गोल चेहऱ्याची, मोठ्या आवाजाची. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत भरती झालेला. तो सिग्नलच्या तुकडीत होता, लढाईत टेलिफोनच्या तारा टाकण्याचं काम. मी त्याला भैया म्हणायची, राखी बांधायची. सुट्टीवर आला की दोन्ही घरांत त्याचं जेवण व्हायचं.

आईनं हरपणीचा किस्सा चाचीला सांगितला. चाचीला मराठी समजायचं, पण कान हिंदी होता. तिनं ऐकलं ते 'हडपनी'. हिंदीत हडपना म्हणजे बळकावणं, गिळंकृत करणं. आमची हरपणी बिचारी नुसती वस्तू हरवायची. चाचीच्या हाती ती पडली आणि दरोडेखोर झाली. चाचीनं ती नळावर सांगितली, रेशनच्या रांगेत सांगितली, सदरच्या बाजारात ओळखीच्या बाईला सांगितली. ती गंमत म्हणूनच सांगत होती. पण गंमत सांगणाऱ्याबरोबर जात नाही, नुसती गोष्ट पुढं जाते.

पावसाळा संपून लढाईच्या बातम्या वाढायला लागल्या. खिडक्यांना काळे कागद लावायची तालीम सुरू झाली, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. अशा दिवसांत एका सकाळी दूधवाला आईला म्हणाला, "बाई, दरवाजा बंद रखा करो. दुश्मन ने हडपनी छोडी है."

"क्या छोडी है?"

"हडपनी. हवाई जहाज से. दिखती नहीं है, पर जिस घर में गिरी, उस घर का सामान साफ. सदर में सब को मालूम है."

आई तोंडाला पदर लावून आत आली. बाबा दाढी करत होते. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांना आनंदच झाला. अर्ध्या गालाला साबण, तसेच बाहेर गेले आणि दूधवाल्याची चूक दुरुस्त करायला लागले.

"भैया, हवाई जहाज से गिराएंगे तो वो गिरेगी ही नहीं. उसका वजन अपना नहीं होता न. आजूबाजू की चीजों में बँटा रहता है."

दूधवाला डोळे मोठे करून ऐकत राहिला. आपण काय करतोय हे बाबांना कळलं नाही, मलाही नाही. दूधवाला तिथून थेट पुढच्या दहा घरी गेला आणि प्रत्येक घरी सांगितलं, फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या बाबूला हडपनीची सगळी माहिती आहे, वजनासकट.

आठवडाभरात बाबांना फॅक्टरीच्या सिक्युरिटी ऑफिसरनं बोलावलं. हा माणूस फौजेतून निवृत्त होऊन आलेला, मोठ्या मिशांचा, आणि अख्खी फॅक्टरी त्याला टरकून असायची. त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते तोंड उतरलेलं घेऊन. चहा घेतला नाही, बूटही काढले नाहीत. आईनं समोर बसून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

साहेबानं दार बंद करून घेतलं होतं. विचारलं, "ये हडपनी क्या चीज है?"

"साब, ऐसी कोई चीज नहीं है."

"नहीं है तो उसका वजन आप को कैसे मालूम?"

"साब, वो मैंने सोच के बनाया है."

"मतलब डिजाइन आपका है?"

"डिजाइन नहीं है, साब. घर में बच्चों से मजाक..."

"ड्रॉइंग किधर है?"

"ड्रॉइंग हो नहीं सकता, साब. उसकी लंबाई हर आदमी के लिए अलग है."

हे बोलल्यावर आपण खड्डा आणखी खोल खणला हे बाबांच्या लक्षात आलं. जी वस्तू नाही ती नाही हे सिद्ध कसं करायचं? दाखवायला काही नाही, आणि दाखवायला काही नसणं हाच तर तिचा गुण, हे बाबांनीच गावभर केलेलं. ते घामाघूम झाले. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. बायको काय विचारते, काय सांगता येत नाही, जेवताना घरात कशी शांतता असते, सगळं. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "देखिए बाबूजी, लडाई के दिनों में जो चीज है वही बहुत है. जो नहीं है वो मत बनाइए. जाइए."

बाबांना काही शिक्षा झाली नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरातली परिषद बंद पडली. पुन्हा वाट्यांचा आवाज. एकदा आईनं मुद्दाम म्हटलं, "माझी किसणी कुठं गेली, कोणी नेली असेल बापा?" तर बाबा उठले, शोधून आणली, तिच्या हातात दिली आणि गप्प बसले. आई ती किसणी हातात धरून तशीच उभी राहिली.

मग लढाई लागली. तेरा-चौदा दिवसांचीच लढाई, पण त्या दिवसांत बाबा घरी फक्त झोपायला यायचे. संध्याकाळी आम्ही काळे कागद लावलेल्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचो, चाचीही येऊन बसायची. तिचा आवाज त्या दिवसांत एकदम लहान झाला होता. भैया पश्चिमेच्या सरहद्दीवर कुठंतरी होता. लढाई संपल्याचं रेडिओवर सांगितलं त्या दिवशी इस्टेटीत लोकांनी काळे कागद टराटरा फाडले, आणि चाचीनं खोव्याची जिलेबी आणून घरोघर वाटली.

त्यानंतर तार आली. भैया बेपत्ता.

चाचाजी तार हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले, कारण इंग्रजी वाचून खात्री करायची होती. मी वाचली. पुन्हा वाचली. मारला गेला असं नव्हतं लिहिलं, जखमी असंही नव्हतं. सापडत नाही, एवढंच.

चाचाजी खाटेवर पडले ते उठेनात. चाची मात्र रडली नाही. एका रविवारी दुपारी बाबा व्हरांड्यात स्टोव्हचा वॉशर बदलत बसले होते, मी शेजारी वाचत होते. चाची पायरीपाशी येऊन उभी राहिली. आई पाट घेऊन धावली, पण ती बसली नाही.

"भाईसाहब," ती बाबांना म्हणाली, "वो आपकी हडपनी. वो जो ले जाती है, वापस भी करती है क्या?"

बाबांच्या हातातला पाना खाली पडला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघू शकले नाही.

"भाभीजी," ते कसेबसे म्हणाले, "ऐसी कोई चीज नहीं है. मेरी बनाई हुई बात थी. मजाक था."

"वो तो मैं पहले दिन से जानती हूँ. मैं कोई पागल थोडे हूँ." चाची शांतपणे म्हणाली. "पर गायब होने के बारे में आप ने इतना सोचा है. और किसी ने तो सोचा नहीं. तो आप ही बताइए, जो गायब हो जाए वो मिलता कैसे है?"

बाबांना उत्तर ठाऊक होतं. शोधायचं नाही, स्वस्थ बसायचं, मग वस्तू आपोआप सापडते. कितीतरी वेळा त्यांनी आम्हाला ते ऐकवलं होतं. त्यांनी आईकडं बघितलं. मग उठले, तेलाचे हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, "ढूँढने से मिलता है, भाभीजी. चलिए, ढूँढते हैं."

आणि आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला.

मला वाटलं होतं ते चाचीचं समाधान करायला म्हणत आहेत. पण तसं नव्हतं. त्या दुपारीच दोन रिक्षा करून आम्ही सदरला गेलो, छावणीतल्या लष्करी दवाखान्यात. तिथं आगगाडीनं जखमी आणले जात होते. बाबा म्हणजे दुकानात भाव विचारायला लाजणारा माणूस. ते त्या वॉर्डात एकेका खाटेपाशी जाऊन वाकून विचारत होते, "बेटा, कौन सी यूनिट?" चाची मागं, तिच्या हातात भैयाचा फोटो. काहीजण मान हलवायचे, काही नुसते बघायचे. एकानं फोटो बराच वेळ धरून ठेवला. चाचीला वाटलं ओळख पटली. पण तो म्हणाला, "माँजी, थोडी देर देखने दो. मेरा भाई भी ऐसा ही है."

त्यानंतर जमेल तेव्हा बाबा ड्यूटी संपली की सायकल घेऊन सदरला जायचे. रेकॉर्डच्या ऑफिसात जायचे, नव्या आलेल्या जखमींना विचारायचे. रविवारी चाचीला घेऊन जायचे. शेवटी भैयाच्याच तुकडीतला एक जवान भेटला. त्यानं सांगितलं, तार टाकताना तोफगोळा जवळ पडला, भैयाला ट्रकमध्ये घालताना त्यानं पाहिलं होतं, हात बांधलेला होता, पुढचं ठाऊक नाही.

"म्हणजे जिवंत होता," बाबा घरी येऊन आईला म्हणाले. "ट्रकमध्ये मेलेल्याचा हात कोणी बांधत नाही."

पण रेकॉर्डच्या ऑफिसात त्या सांगण्याला किंमत नव्हती. तिथं अजून बेपत्ताच. तेव्हा बाबांनी जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. ते आपण होऊन त्या सिक्युरिटी ऑफिसरकडं गेले. ज्याच्या खोलीतून घाम पुसत बाहेर पडले होते, त्याच खोलीत.

साहेबानं वर बघितलं आणि विचारलं, "अब कौन सी चीज गायब है, बाबूजी?"

"आदमी है, साब," बाबा म्हणाले.

साहेबानं त्यांना बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग टेलिफोन ओढला आणि जुन्या ओळखीच्या फौजी माणसांना ट्रंक कॉल लावायला सुरुवात केली. एक झाला की दुसरा. बाबा समोर टोपी मांडीवर घेऊन बसून होते. त्या दिवशी काही कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात साहेबाचा शिपाई आमच्या क्वार्टरवर आला. उत्तरेकडच्या एका दवाखान्यात बेशुद्ध अवस्थेत एक जवान आणला गेला होता. त्याच आडनावाचा दुसरा एक जवान त्याच ट्रकमध्ये होता, तो वाटेत गेला. जगलेल्याची नोंद गेलेल्याच्या नावावर झाली होती, म्हणून भैया कुठल्याच यादीत नव्हता. जगलेला होता तो आमचा भैया.

मी चाचीला सांगायला धावले. ती कणीक मळत होती. ऐकलं, आणि तशीच मळत राहिली, अर्धवट मळलेल्या कणकेवर मुठी आपटत राहिली, आणि मग त्या परातीवरच डोकं टेकून इतक्या दिवसांचं रडली. मला आनंदही वाटला नाही नीट, कारण त्या दुसऱ्या जवानाच्या घरी कोणीतरी तार वाचत असेल हे डोक्यातून जाईना. बाबांच्याही जात नसावं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

भैया घरी आला तेव्हा उन्हं तापायला लागली होती. उजव्या हाताची बोटं गेली होती, नुसता अंगठा राहिला होता. आधीचा भैया दारातूनच हाका मारत यायचा. हा व्हरांड्यात खुर्चीवर बसून हात टॉवेलखाली झाकून ठेवायचा. चाची त्याला भरवायला बघायची आणि तो तोंड फिरवायचा.

एका संध्याकाळी बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले. भैयाच बाबांना म्हणाला, "चाचाजी, अम्मा बता रही थी वो हडपनी का किस्सा. सुनाइए न."

बाबांनी सुरुवात केली. फुंकणी असते, उलथणी असते. पण दोन वाक्यं झाली आणि ते थांबले. पूर्वीसारखं येईना. भैयाच्या टॉवेलकडं त्यांची नजर गेली होती बहुतेक. मग बाबा म्हणाले, "छोड यार. जो चीज है, उसका ड्रॉइंग बनाते हैं." आणि मला हाक मारून कागद, पेन्सिल आणि चहाची रिकामी कपबशी आणायला सांगितली.

"मैं कैसे बनाऊँगा?" भैया म्हणाला.

"बाएँ हाथ से. तारा टाकताना डावा हात वापरत नव्हतास का?" बाबा हिंदीत बोलता बोलता मराठीत गेले, आणि भैयाला ते समजलं.

पहिली कपबशी म्हणजे चेपलेला बटाटा होता. भैयानं कागद चुरगाळला. बाबांनी दुसरा दिला. खोडरबर दिलं नाही. म्हणाले, चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढ. असं पावसाळा संपेपर्यंत चाललं. कप झाला, मग कडी, मग खिडकीची चौकट, मग मोजपट्टीनं माप घेऊन स्टोव्ह. बाबा घरी आल्यावर कपडे न बदलता आधी तिकडं जायचे. आई चहा तिकडंच पाठवायची. आमच्या व्हरांड्यात आता त्या दोघांचा वाद ऐकू यायचा, बाजूनं बघितल्यावर बशी कशी दिसेल, वरून कशी. चाचीही पदर सावरून मध्ये बोलायची, "बशी में दरार है, वो भी निकालो." आणि भैया तडाही काढायचा.

पुढल्या वर्षी नेपियर टाउनमधल्या एका सरकारी ऑफिसात त्याला ट्रेसरची जागा मिळाली. दुसऱ्यानं काढलेलं ड्रॉइंग पातळ कागदावर उतरवून घ्यायचं काम. मोठी नोकरी नव्हती, पण हाताची होती, आणि त्याला तीच हवी होती.

पहिल्या दिवशी तो सायकलवर बसून निघाला, डाव्या हातानं हँडल धरून. उजवं मनगट हँडलवर नुसतं टेकवलेलं होतं. चाची फाटकात उभी राहिली. बाबा भोंग्याच्या आधीच निघून गेले होते. ऊन डोक्यावर यायला लागलं तशी आई आतून म्हणाली, "चाची, अंदर आ जाओ, धूप लगेगी."

"आती हूँ," चाची म्हणाली. "मोड तक देख लूँ."

सायकल केव्हाच वळणापलीकडं गेली होती. आई बाहेर आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.